वास येतोय हे तुला ठाऊक होतं

काल रात्री तुझ्या घरी आलो आणि पायातले बूट काढायच्या आत विचारलं, "जळकट वास कसला रे येतोय?" तू अगदी सहज म्हणालास, "फर्नेसचा आहे सर. तीन आठवडे झाले. सुरू झाला की येतो, मग आपोआप जातो." एवढं बोलून देवापुढची अगरबत्ती आणलीस आणि हॉलमध्ये लावलीस.

पाहुण्यांसमोर मी तुला एक शब्द बोललो नाही. बेसमेंटमध्ये नेलं, फर्नेस बंद करायला लावला, आणि तुम्हा सगळ्यांना झोपायला माझ्या लेकीच्या घरी आणलं. आज दुपारी तुझा फोन आला. टेक्निशियन काय म्हणाला ते सांगितलंस आणि शेवटी म्हणालास, "चला सर, थोडक्यात निभावलं." ते ऐकल्यावर मात्र मला राहवलं नाही. निभावलं हे खरं आहे, पण त्यात तुझा काडीचा वाटा नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो सर, हो सर" करून सुटशील. हे वाच, आणि दोनदा वाच.

ज्याला कळत नाही त्याच्यावर मी रागावत नाही, त्याला शिकवतो. तुझ्यावर रागावलोय, कारण तुला कळत होतं. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला मी जळालेलं वाइंडिंग बाकांवरून फिरवायचो. प्रत्येकाने ते नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि तो व्हार्निश करपल्याचा उग्र वास डोक्यात साठवायचा. मीटर नंतर सांगेल, नाक आधी सांगतं, हे मी तुमच्या बॅचला किती वेळा बजावलं? तू पहिल्या बाकावर बसायचास. आज मिशिगनमध्ये गाड्यांच्या मोटरी किती तापतात याचे आलेख दिवसभर तपासतोस आणि त्याचा पगार घेतोस. आणि तुझ्या पायाखाली, बेसमेंटमध्ये, एक मोटर तीन आठवडे करपत होती. तुझ्या नाकाने तुला खबर दिली होती. तू तिच्यावर अगरबत्ती लावलीस.

बेसमेंटचा जिना उतरल्यावर मला काय दिसलं ते तुला सांगतो. तू रोज पाहून पाहून ते पाहायचं सोडून दिलं आहेस.

फर्नेसच्या अंगाला टेकून पुठ्ठ्याची खोकी होती, त्यांत मखराचं सामान आणि आकाशकंदील. तापणाऱ्या उपकरणापासून जळण्याजोगी वस्तू किमान ३ फूट लांब ठेवायची, हे इथल्या अग्निसुरक्षेचं पहिलं वाक्य आहे. तुझ्याकडे ३ इंचसुद्धा नव्हते. खोक्यांशेजारी रंगाचे डबे, थिनर, ब्लीचची बाटली. असल्या वाफा बर्नरच्या हवेबरोबर आत ओढल्या जातात. थिनरच्या वाफा पेट घेऊ शकतात, आणि ब्लीचमधल्या क्लोरीनचं ज्वालेत आम्ल होऊन ते आतला पत्रा खातं. मग मी फिल्टर ओढला. तो निघेना. जोर लावून काढला तेव्हा मधोमध धनुष्यासारखा आत वाकलेला होता आणि त्यावर जुन्या घोंगडीसारखा राखाडी थर होता. पुठ्ठ्याच्या कडेवर तुझ्याच अक्षरात तारीख होती, गेल्या मार्चची. आता जानेवारी आहे. हा १ इंच जाडीचा फिल्टर. थंडीत दर महिन्याला काढून पाहायचा आणि कितीही चांगला दिसला तरी तीन महिन्यांत बदलायचा. तू दहा महिने त्याच्याकडे फिरकला नाहीस.

आणि मग तू मला ती ब्रेकरची गोष्ट सांगितलीस. "परवा ब्रेकर पडला होता सर, मी वर केला. काल सकाळी परत पडला, परत वर केला." हे तू मला सांगतोस? फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार बांधणाऱ्या मुलाला मी वर्कशॉपबाहेर उभं करायचो. पडलेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा वर करणं हा तोच गुन्हा आहे. एकदा पडला तर थांबून विचार करायचा. दुसऱ्यांदा पडला तर त्याला हातच लावायचा नाही. १५ अँपिअरचा तो ब्रेकर तुझ्या घराचा राखणदार आहे. तो दोनदा ओरडला आणि दोन्ही वेळा तू त्याचं तोंड दाबलंस.

आता काय घडत होतं ते समजून घे. फर्नेसमध्ये ज्वाला हीट एक्सचेंजरच्या आतून जाते, आणि घरातली हवा त्याच पत्र्याच्या बाहेरून गरम होऊन खोल्यांत येते. दोन्हींच्या मध्ये फक्त तो पत्रा. फिल्टर तुंबला की हवा कमी येते आणि पत्रा नको तितका तापतो. मग लिमिट स्विच बर्नर बंद करतो, ब्लोअर चालू ठेवतो, थंड झालं की पुन्हा ज्वाला लावतो. "हल्ली सारखा चालू-बंद होतो" असं सूनबाई म्हणाल्या, ते हेच. प्रत्येक फेरीला पत्रा फुगतो आणि आकसतो. असं महिनोन्‌महिने चाललं की त्याला तडा जायला वेळ लागत नाही. दुसरीकडे ब्लोअरच्या मोटरीला थंड ठेवणारी हवाच बंद झाली. तिची बेअरिंगं कोरडी पडली, ती अडकत फिरू लागली, करंट वाढला, वाइंडिंग तापलं. वास तिथून येत होता. तू म्हणालास, "सर, लिमिट स्विच आहेच की, तो बंद करतोच." अरे, लिमिट स्विच ही शेवटची भिंत आहे. रोज वीस वेळा तिच्यावर डोकं आपटायचं आणि भिंत मजबूत आहे म्हणून निर्धास्त राहायचं, असं मी तुला शिकवलं नव्हतं.

"आम्हाला तर फारसा येत नव्हता वास," हेही तू म्हणालास. ही सबब मी ऐकून घेणार नाही. एकाच वासात राहिलं की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. म्हणून तर घरच्यांपेक्षा दारातून आत येणाऱ्याला वास आधी कळतो. नाक थकतं हे माहीत असणाऱ्या माणसाने थकलेल्या नाकावर विसंबायचं नसतं. बाहेर अंगणात जायचं, पाच मिनिटं स्वच्छ हवा घ्यायची, परत आत यायचं आणि हुंगायचं. पहिला श्वास खरं सांगतो.

आता वासांची उजळणी करू. ही तुला पाठ हवी होती. नाही, म्हणून लिहून देतो.

ऑक्टोबरात फर्नेस पहिल्यांदा लावतोस तेव्हा उन्हाळाभर आत साचलेली धूळ जळते. तो धुळकट वास काही तास राहतो. खिडक्या उघड, जाऊ दे. पण दुसऱ्या दिवशीही तोच वास आला तर ती धूळ नाही. भर जानेवारीत, रोज चालणाऱ्या फर्नेसचा वास "धूळ जळतेय" म्हणून सोडून द्यायचा नसतो. एवढं साधं गणित तुला सुटलं नाही.

वितळत्या प्लास्टिकचा वास आला तर आधी व्हेंटच्या जाळ्या उचलून बघ. धाकटीने एखादा खडू नाहीतर खेळणं आत टाकलेलं असू शकतं. तिथे काही नसेल तर तो वास तारांचा आहे. तापलेल्या वायरचा, सैल जोडाचा, कनेक्टरचा. कधी कधी तो चक्क मासळीसारखा येतो. पहिल्या वर्षाला बेकलाइटचा तापलेला होल्डर तुम्हाला हुंगायला दिला होता, आठवतोय का? घरात मासे शिजत नसताना मासळीचा वास आला तर आधी विजेकडे बघायचं. फर्नेसजवळच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखा एक स्विच असतो, बऱ्याच घरांत त्याची पट्टी लाल असते. तो बंद करायचा, मग पॅनेलमधला ब्रेकर पाडायचा आणि माणूस बोलवायचा. धूर दिसला, पॅनेल हाताला गरम लागलं, तर पॅनेल उघडून बघत बसायचं नाही. घर रिकामं करायचं, बाहेरून ९११ फिरवायचा.

तापलेल्या लोखंडासारखा, करपलेल्या तेला-व्हार्निशसारखा वास आणि जोडीला घुरघुर किंवा किरकिर असेल तर मोटर, तिची बेअरिंगं किंवा कॅपॅसिटर. तुझी केस हीच. तीन आठवड्यांपूर्वी बंद केला असतास तर बहुधा स्वस्तात सुटला असतास.

आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर तो जळण्याचा वासच नव्हे, तो गॅस आहे. तिथे निदान करायचं नाही. दिव्याचं बटण लावायचं नाही आणि लागलेलं बंदही करायचं नाही, फोनसुद्धा घरात लावायचा नाही. अंगावर असेल त्या कपड्यांनिशी सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि दूर जाऊन फोन करायचा.

या वासाची गोष्ट मी तुमच्या बॅचला सांगितली नव्हती, ती चूक माझी. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेला वायू इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. वासच नव्हता, त्यामुळे कुणालाही पत्ता लागला नाही. दुपारी तीनच्या सुमारास कार्यशाळेच्या शिक्षकाने सँडर मशीनचा स्विच दाबला. ठिणगी पडली आणि अख्खी शाळा उडाली. सुमारे ३०० जीव गेले, त्यांतली बहुतेक शाळकरी मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने बंधनकारक केलं आणि पुढे ती पद्धत सगळीकडे गेली. आपल्याकडच्या सिलिंडरला येतो तो मर्कॅप्टनचा वासही याच कारणाने घातलेला असतो. मी जन्मभर कार्यशाळेचाच शिक्षक होतो. स्विचवर बोट ठेवलेल्या त्या शिक्षकाची आठवण मला आजही अस्वस्थ करते. त्याला इशारा मिळालाच नाही. तुला तीन आठवडे मिळत होता. इशारा मिळावा म्हणून माणसांनी किती मोठी किंमत मोजली आहे, हे कळल्यावर तरी कुठल्याही वासावर अगरबत्ती लावायला तुझा हात धजावणार नाही, अशी माझी अपेक्षा आहे.

आता सगळ्यांत कठीण गोष्ट. चमचे काढायला तू ड्रॉवर उघडलास तेव्हा त्यात एक पांढरा अलार्म पालथा पडलेला मला दिसला. बॅटरी शेजारी सुटी. विचारलं तर म्हणालास, "दर मिनिटाला टिक करत होता सर, झोप लागेना, म्हणून काढून ठेवला." तो कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म होता. दर मिनिटाला एकदा टिक करतो म्हणजे बॅटरी संपलीय किंवा त्याचं आयुष्य संपलंय. असे अलार्म साधारण पाच ते दहा वर्षं चालतात, मागे तारीख छापलेली असते. ती टिक बंद करायची रीत म्हणजे नवी बॅटरी किंवा नवा अलार्म. खरा धोका असेल तेव्हा तो सलग चारदा ओरडतो, थांबतो, पुन्हा चारदा ओरडतो. तुझा ओरडला नसता. तो चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये होता.

आणि त्याच वेळी तुझी आई बेसमेंटमधल्या पाहुण्यांच्या खोलीत, फर्नेसच्या भिंतीपलीकडे झोपत होती.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, फ्लूसारखं वाटतं, आणि माणूस औषध घेऊन पडून राहतो. आग न लागता, नुसत्या या वायूने अमेरिकेत दर वर्षी ४०० हून अधिक माणसं दगावतात, असं इथल्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते. तुला हे परकं नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून आंघोळीला गेलेली माणसं बाहेर आलीच नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात गावाकडे वाचत आलो. कोंडलेल्या खोलीत पेटती शेगडी ठेवायची नाही, हे तुझ्या आजीलाही ठाऊक होतं. फर्नेस ही मोठी, पत्र्यात झाकलेली शेगडीच आहे. पत्र्याला तडा गेला, किंवा बाहेर धूर सोडणारा नळ बर्फाने बुजला, तर तीच हवा घरात फिरते. ज्वाला निळी हवी. पिवळी, लवलवणारी दिसली, भिंतींवर काजळी धरली, हवा कोंदट वाटली, घरातल्या दोघा-तिघांची डोकी एकदम दुखायला लागली आणि बाहेर पडल्यावर बरं वाटलं, तर एक क्षण आत थांबायचं नाही.

काल ताट पुसता पुसता तुझी आई मला म्हणाली, "इथली थंडी डोक्याला लागते हो, रोज सकाळी बाम लावावा लागतो." ते थंडीचंच असेल. मला ते वायूचं होतं असं म्हणायचं नाही. आज टेक्निशियनने मीटर लावला, वायू आढळला नाही, हीट एक्सचेंजरला तडा नाही, नुसती मोटर गेली आणि एक कनेक्टर वितळला होता. पण आईचं डोकं रोज दुखतं, फर्नेसला जळका वास येतो आणि अलार्म ड्रॉवरमध्ये आहे, या तीन गोष्टी तीन आठवडे तुझ्यासमोर होत्या. तू त्या एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नाहीस. तू इंजिनिअर आहेस. हेच तर तुझं काम!

पैशाचं म्हणालास. माणूस बोलवायचा म्हणजे शे-दीडशे डॉलर नुसत्या येण्याचे. तुझी काटकसर मला माहीत आहे. वसतिगृहात एका वडापाववर दिवस काढलेला मुलगा तू, त्या काटकसरीचा मी आदर करतो. पण फिल्टरचे दहा डॉलर वाचवून मोटर घालवणं ही काटकसर नव्हे. २१ वर्षांचा फर्नेस आहे तुझा, वर लेबल आहे, मी वाचलं. त्या वयाच्या यंत्राची दर ऑक्टोबरात तपासणी करून घ्यायची, हे तुझ्या खर्चाच्या वहीत पहिल्या ओळीत हवं.

आता कामं. नवी मोटर मंगळवारी बसेल म्हणालास. तोपर्यंत फर्नेस बंदच राहील, ब्रेकर वर करून "थोडा वेळ चालवून" बघायचं नाही. घर गार पडेल, म्हणून नळ थेंब थेंब वाहते ठेव, नाहीतर पाइप गोठून फुटतील. ऊब यावी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवायचा नाही आणि कोळशाची बार्बेक्यू शेगडी आत आणायची नाही. दोन्हींनी तोच वायू सुटतो. मंगळवारपर्यंत सगळे इथेच राहा, माझ्या लेकीला अडचण नाही.

खोकी, डबे, थिनर आजच गॅरेजमध्ये हलव. नवे फिल्टर सहा आण. बसवताना त्यावरचा बाण फर्नेसकडे हवा, आणि दर महिन्याच्या एक तारखेला उघडून बघ. घराबाहेरच्या धुराच्या नळाभोवतीचा बर्फ प्रत्येक हिमवर्षावानंतर फावड्याने काढ. लाल पट्टीचा स्विच कुठला, ब्रेकर कुठला, गॅसचा वास आला तर काय करायचं, हे सूनबाईंना आणि थोरल्याला हात धरून दाखव. तू ऑफिसात असशील तेव्हा घर त्यांनाच सांभाळायचं आहे.

आणि हे सगळं नंतर. सगळ्यांत आधी दुकानात जा आणि कार्बन मोनॉक्साईडचे नवे अलार्म आण. प्रत्येक मजल्यावर एक, झोपायच्या खोल्यांबाहेर एक, आणि एक आई झोपते त्या बेसमेंटच्या खोलीत. बटण दाबून प्रत्येकाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐक. तो अलार्म भिंतीवर लागल्याशिवाय तुझ्या आईला खाली झोपायला पाठवायचं नाही.